विंडोज, मॅक, लिनक्स एकाच ऑफिसात: फाइल आणि प्रिंट सर्व्हर कसा लावला, सगळं सविस्तर

इंदूरला रामबागेत आमच्या काकांचं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. जुलै आला की तिथे पाय ठेवायला जागा नसते, कारण ३१ जुलैची रिटर्नची तारीख डोक्यावर असते आणि अख्ख्या ऑफिसात फाइल इकडून तिकडे न्यायचं साधन एकच, काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला पेन ड्राइव्ह. मागच्या सीझनला एका क्लायंटच्या बॅलन्स शीटच्या पाच फाइली निघाल्या: फायनल, फायनल नवी, फायनल काकांनी बघितलेली, फायनल २, आणि जी खरी होती ती कुठल्यातरी डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ४' मध्ये पडलेली. त्या दिवशी काका म्हणाले, "अरे तू एवढं कॉम्प्युटर कॉम्प्युटर करतोस ना, मग याचं काहीतरी कर." केलं: एक जुनं मशीन सर्व्हर म्हणून लावलं, म्हणजे सगळ्यांच्या फाइली त्यावर एकाच जागी आणि प्रिंटही त्याच्यातूनच. कसं केलं ते लिहितोय, कुठे आपटलो तेही.

ऑफिसची वरात अशी: चार विंडोजचे डेस्कटॉप (दोन दहावाले, दोन अकरावाले), बहिणीचं एक मॅकबुक, लिनक्स मिंट टाकलेला एक म्हातारा लॅपटॉप, सगळ्यांचे फोन. आणि एक एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर, जो यूएसबीने काकांच्या मशीनला जोडलेला, म्हणजे काका पीसी बंद करून जेवायला घरी गेले की ऑफिसचं प्रिंटिंगही जेवायला जायचं.

एक आधीच सांगतो, कमांड आणि सेटिंग मी इथे देवनागरीतच लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर सगळी छोटी अक्षरं. कमांडच्या आधीचं सुडो म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची.

मशीन कुठलं घ्यायचं

नवीन काही नको. चार-पाच माणसांच्या ऑफिसला जुना कोअर आय-३ आणि ४ जीबी रॅम भरपूर झाली. आम्ही माळ्यावरचा डेस्कटॉप काढला, धूळ झटकली, सिल्व्हर मॉलमधून एक लहान एसएसडी आणली सिस्टिमसाठी आणि डेटाला १ टीबीची वेगळी हार्ड डिस्क लावली. पैसे घालायचेच असतील तर यूपीएस आणि स्विचवर घाला. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर कितीही भारी मशीन असू दे, फाइल सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणार नाही, गिगाबिट स्विच लावला की तीच ११० च्या आसपास जाते. सर्व्हर वायफायवर ठेवू नका, केबलच लावा, यात चर्चा नाही.

मशीनवर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलं. इन्स्टॉल करताना ओपनएसएसएचवर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) टिक करा म्हणजे नंतर मॉनिटर काढून ठेवता येतो. मग राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये या मशीनला कायमचा पत्ता बांधून द्या. आमचा १९२.१६८.१.१० आहे, पुढे तोच वापरतो. हे केलं नाही तर एक दिवस लाइट जाऊन येईल, राउटर वेगळा पत्ता देईल आणि सगळ्यांची ड्राइव्ह एकदम गायब होईल.

राउटरच्या पानावर असतानाच दुसरंही बघून घ्या: पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, बाहेरच्या इंटरनेटला उघडं करायचं नाही, कोणी कितीही म्हणू दे की "घरून फाइल बघता आली तर बरं". मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर जो गोंधळ घातला तो याच दारातून, जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून (एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल वाटायची भाषा). घरून पाहिजे असेल तर व्हीपीएन लावा, तो वेगळा विषय.

डिस्क, आणि आमची फजिती

डेटाची डिस्क एक्सटी४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) मध्ये फॉरमॅट करून /एसआरव्ही/डेटा इथे जोडायची. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी, /ईटीसी/एफस्टॅब) डिस्कचं नाव एसडीबी वगैरे लिहू नका, ते बदलू शकतं, सुडो बीएलकेआयडी चालवून यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख नंबर, घ्या आणि तो लिहा (यूयूआयडी हा शब्द इथे कॅपिटलमध्ये):

यूयूआयडी=तुमचा-नंबर /एसआरव्ही/डेटा एक्सटी४ डीफॉल्ट्स,नोफेल ० २

नोफेल यासाठी की डिस्क बिघडली तरी मशीन निदान चालू तरी होतं, नाहीतर काळ्या स्क्रीनवर अडकून बसतं आणि मॉनिटर तर तुम्ही काढून ठेवलेला असतो.

आता फजिती. मी सुरुवातीला शेअर (नेटवर्कवर सगळ्यांना दिसणारं फोल्डर) थेट /एसआरव्ही/डेटा वरच दिला होता. आठेक दिवस मस्त चाललं. मग एका दुपारी लाइट गेली-आली, मशीन परत चालू झालं आणि फ्रंट डेस्कवरून आवाज, "भिया, फोल्डर तो खाली है!" गेलो तर खरंच रिकामं. काकांचा चेहरा बघवत नव्हता. झालं असं होतं की डिस्कची केबल ढिली होती, डिस्क जोडलीच गेली नाही, नोफेलमुळे मशीन मात्र बिनबोभाट चालू, आणि सांबा (फाइली वाटणारं सॉफ्टवेअर, त्याच्याबद्दल पुढे) इमानेइतबारे रिकामं फोल्डर वाटत बसलेला. त्याहून वाईट म्हणजे त्या वीस मिनिटांत दोघांनी त्यात नवीन फाइली सेव्ह केल्या, त्या गेल्या एसएसडीवर, आणि डिस्क परत जोडल्यावर त्या तिच्याखाली झाकल्या गेल्या. डिस्क पुन्हा सोडवून, त्या फाइली बाहेर काढून, मग परत जोडावी लागली.

उपाय एका ओळीचा आहे: शेअर डिस्कच्या मुळाशी द्यायचा नाही, डिस्कच्या आतल्या फोल्डरवर द्यायचा, म्हणजे /एसआरव्ही/डेटा/ऑफिस. डिस्क जोडली नसेल तर ते फोल्डरच नसतं आणि विंडोज सरळ एरर देतं. एरर बरी, रिकामं फोल्डर वाईट.

माणसं आणि परवानग्या, इथे घाई नको

सांबा म्हणजे लिनक्सला विंडोजची एसएमबी भाषा बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती बाहेर काढली, आणि नाव असं मिळालं की डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात सांबा निघाला. टाकायला सोपं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल सांबा

खरी गंमत पुढे आहे. सांबात कुलपं दोन असतात. एक सांबाचं स्वतःचं, कोणाला कुठला शेअर दिसेल. दुसरं लिनक्सचं, त्या फोल्डरवर कोण लिहू शकतं. दोन्ही उघडली तरच माणूस आत. शंभरातल्या नव्वद तक्रारी, "दिसतंय पण सेव्ह होत नाही" टाइपच्या, यातलं एक उघडं आणि एक बंद असल्यामुळे असतात. पासवर्डही दोन, लिनक्सचा वेगळा आणि सांबाचा वेगळा, आणि एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.

आधी एक ग्रुप:

सुडो ग्रुपॲड ऑफिस

मग प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव. एकच 'ऑफिस' नावाचं लॉगिन सगळ्यांना देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, करू नका, नंतर फाइल कोणी उडवली हे कळायला मार्ग राहत नाही.

सुडो यूझरॲड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन -जी ऑफिस काका

यात एम आणि जी कॅपिटल, एस छोटा. म्हणजे काकांना होम फोल्डर नाही, सर्व्हरवर थेट लॉगिन नाही, फक्त ऑफिस ग्रुपमध्ये नाव. नंतर सांबाचा पासवर्ड:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए काका

आणि फोल्डर:

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/डेटा/ऑफिस
सुडो सीएचग्रुप ऑफिस /एसआरव्ही/डेटा/ऑफिस
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/डेटा/ऑफिस

पुढचा तो २ विसरू नका. त्याच्यामुळे आत जी काही नवीन फाइल बनेल ती आपोआप ऑफिस ग्रुपची होते. तो नसला तर बहिणीने बनवलेली फाइल बहिणीच्या ग्रुपची, काकांना ती उघडता येत नाही, आणि मग काका मला फोन करतात.

सेटिंगची फाइल

/ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ. आधी तिची कॉपी करून ठेवा. उबुंटूबरोबर येणारी फाइल लांबलचक असते, त्यातलं बरंचसं आपल्याला लागत नाही, मी ती बाजूला ठेवून स्वतःची छोटी लिहिली:

[ग्लोबल]
वर्कग्रुप = वर्कग्रुप
मॅप टू गेस्ट = नेव्हर
व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = फ्रूट स्ट्रीम्स_एक्सॲटर रीसायकल
फ्रूट:मेटाडेटा = स्ट्रीम
रीसायकल:रिपॉझिटरी = .रीसायकल/%यू
रीसायकल:कीपट्री = येस
रीसायकल:व्हर्जन्स = येस
रीसायकल:टच_एमटाइम = येस

[ऑफिस]
पाथ = /एसआरव्ही/डेटा/ऑफिस
व्हॅलिड युजर्स = @ऑफिस
रीड ओन्ली = नो
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

(%यू मधला यू कॅपिटल.)

मॅप टू गेस्टबद्दल थोडं थांबतो. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये तिथे 'बॅड युजर' असतं, म्हणजे कोणी युजरनेम चुकीचं टाइप केलं तर 'चूक आहे' असं न सांगता त्याला गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतात, आणि मग त्याला कुठलाच फोल्डर उघडत नाही आणि तो म्हणतो पासवर्ड तर बरोबर आहे. नेव्हर करा, चूक झाली की तोंडावर कळते. तसंही बिनपासवर्डचा गेस्ट शेअर आता विसराच, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोवालं मशीनसुद्धा गेस्टला दारातच अडवतं. नेटवर खूप ठिकाणी "विंडोजमध्ये अमुक पॉलिसी बदला म्हणजे गेस्ट चालेल" असं सुचवलेलं असतं. चार माणसांना चार पासवर्ड द्यायला दहा मिनिटं लागतात, त्यासाठी चार मशीनची सुरक्षा कशाला सैल करायची.

व्हीएफएसची ओळ, म्हणजे सांबाला लावायची जादा मॉड्यूलं, मॅकसाठी आणि रीसायकल बिनसाठी. फ्रूट हे मॉड्यूल मॅकच्या फाइंडरला (तिथला फाइल मॅनेजर) खूश ठेवतं, ते स्ट्रीम्सच्या आधी आलं पाहिजे, क्रम बदलू नका. आणि एक खोच: तुम्ही एखाद्या शेअरच्या आत वेगळी व्हीएफएस ऑब्जेक्ट्सची ओळ लिहिली तर ती वरच्या ग्लोबल ओळीत मिळवली जात नाही, तिच्या जागी बसते. मी एका शेअरमध्ये नुसतं रीसायकल लिहिलं आणि तिथून फ्रूट गेलं, ते कळायला माझी एक संध्याकाळ गेली.

रीसायकल बिन पाहिजेच, कारण नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट वर जाते. मात्र हा बिन फक्त डिलीट पकडतो. कोणी चांगल्या एक्सेल शीटवर चुकीची शीट सेव्ह केली तर तिथे हा काही करू शकत नाही, त्याला बॅकअपच.

फाइल झाली की टेस्टपार्म चालवा, स्पेलिंग चुकलं असेल तर तो ओळ दाखवतो. मग:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी

आणि लगेच विंडोजकडे पळू नका. आधी सर्व्हरवर बसूनच तपासा, एसएमबीक्लायंट नसेल तर ॲप्टने टाकून घ्या:

एसएमबीक्लायंट //लोकलहोस्ट/ऑफिस -यू काका

(यू इथेही कॅपिटल.) आत शिरता आलं, एक फाइल टाकता आली, तर सांबा बरोबर आहे आणि यापुढे जे काही अडेल ते फायरवॉलमध्ये किंवा विंडोजमध्ये. हे आधी केलं नाही की माणूस तिन्हीकडे एकदम बदल करत सुटतो आणि नक्की कशाने चाललं हे कधीच कळत नाही.

फायरवॉलमध्ये फक्त आपल्या नेटवर्कला परवानगी:

सुडो यूएफडब्ल्यू अलाव ओपनएसएसएच
सुडो यूएफडब्ल्यू अलाव फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी ॲप सांबा
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

पहिली ओळ पहिलीच पाहिजे, आणि ॲपच्या नावांत मोठी-छोटी अक्षरं जशी आहेत तशीच टाका. फायरवॉल चालू केली आणि एसएसएच सोडायचं राहिलं तर माळ्यावरून मॉनिटर परत उतरवावा लागतो. कसं माहीत ते विचारू नका.

विंडोजवाले

एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मग १९२.१६८.१.१०, मग एक उलटी रेघ, मग ऑफिस. पासवर्ड विचारेल. इथे सगळेजण आपला विंडोजचा पिन टाकतात. तो नाही चालत. 'मोअर चॉइसेस' मधून वेगळं अकाउंट निवडायचं आणि सर्व्हरवरचं नाव, सर्व्हरवरचा पासवर्ड द्यायचा, लक्षात ठेव वर टिक. जमलं की मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून झेड अक्षर द्या. आमच्याकडे आता ऑफिसात "झेडमध्ये टाक" हे क्रियापद झालंय.

एखाद्याने आधी चुकीच्या नावाने लॉगिन केलेलं असेल तर विंडोज ते धरून बसतं आणि दुसरं नाव दिलं की "एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त नावांनी जोडता येणार नाही" अशा अर्थाचं काहीतरी बोलतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज * /डिलीट, मग कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या पत्त्याची जुनी नोंद उडवा, साइन आउट करून परत या. सर्व्हरवर काहीही बदलायची गरज नसते, पण लोक नेमका सर्व्हरच खणत बसतात.

'नेटवर्क' मध्ये सर्व्हरचं चित्र दिसत नाही म्हणूनही फोन आला होता. नाही दिसत, कारण आजूबाजूची मशीनं शोधायची जुनी पद्धत एसएमबी १ बरोबर गेली आणि विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने शोधतं, जी सांबा स्वतः बोलत नाही. डब्ल्यूएसडीडी नावाची छोटी सेवा टाकली की दिसायला लागतं. आम्ही नाही टाकली, झेड आहे ना.

आणि हो, जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन असेल जे 'स्कॅन टू फोल्डर' फक्त एसएमबी १ वरच करतं, तर त्याच्यासाठी सर्व्हरवर एसएमबी १ चालू करू नका. सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या किंवा मेलवर, एवढ्यापुरती पेन ड्राइव्हला माफी.

मॅक, लिनक्स, फोन

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबायचं, एसएमबी://१९२.१६८.१.१०/ऑफिस लिहायचं, झालं. मॅकने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून स्वतःच एसएमबीला पसंती दिलीय, त्यामुळे पूर्वीसारखं वेगळं एएफपी (मॅकची जुनी फाइल शेअरिंगची भाषा) लावायची कटकट उरली नाही.

मिंटवर फाइल मॅनेजरच्या पत्त्यात तेच लिहा. कायमचं जोडायचं असेल तर सीआयएफएस-युटिल्स टाकून एफस्टॅबमध्ये नोंद, पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये आणि त्या फाइलवर ६०० परवानगी, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येईल. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये तीन टिंबांखाली 'कनेक्ट टू सर्व्हर' असतं, अँड्रॉइडवर एसएमबी जमणारा कुठलाही फाइल मॅनेजर चालतो.

देवनागरी नावांची एक गंमत

फाइलची नावं मराठी-हिंदीत ठेवली तरी सांबाला काही अडचण नाही, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मुळातच चालू असतं. अडचण लांबीची. एक्सटी४ वर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्त धरून. 'श्री' हे डोळ्याला एक अक्षर, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ ई अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. हिशोब केला तर साधारण ८५ चिन्हांत नाव संपतं. विंडोजवर त्याहून लांब नाव चालतं, म्हणून डेस्कटॉपवर ठीक असलेली फाइल झेडमध्ये टाकताना नकार मिळतो. आमच्या एका ट्रस्टच्या फाइलचं नाव "श्री" पासून सुरू होऊन ट्रस्टचं पूर्ण नाव, पत्ता, वर्ष, ऑडिट रिपोर्ट असं मालगाडीसारखं होतं. काकांना सांगितलं पत्ता फाइलच्या आत लिहा, नावात नको.

प्रिंटर

इथे बऱ्याच जुन्या गाइडमध्ये सांबातूनच प्रिंटर शेअर करा, विंडोजचे ड्रायव्हर सर्व्हरवर चढवा असं लिहिलेलं सापडेल. चालतं, पण मी त्या वाटेला गेलो नाही. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअरचं प्रकरण (विंडोजच्या प्रिंटिंगमधलं सुरक्षेचं भोक) झाल्यावर विंडोजने सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनचा पासवर्ड मागायला सुरुवात केली, म्हणजे ज्या सोयीसाठी हे करायचं तीच गेली. त्यापेक्षा फाइलीला सांबा आणि प्रिंटला कप्स (लिनक्सचं प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर), आयपीपीवरून (नेटवर्कवरून प्रिंट पाठवायची भाषा), पोर्ट ६३१. विंडोज, मॅक, लिनक्स तिघांनाही आयपीपी येतं.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल कप्स एचपीलिप अवाही-डीमन
सुडो यूझरमॉड -एजी एलपीॲडमिन तुमचं-नाव

(एचपीलिप म्हणजे एचपीच्या प्रिंटरचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर, अवाही नेटवर्कवर प्रिंटरची दवंडी देतं. कप्सचं स्पेलिंग सीयूपीएस, यूझरमॉडमध्ये ए छोटा, जी कॅपिटल, आणि एकदा लॉगआउट करून या.) प्रिंटरची यूएसबी काकांच्या मशीनमधून काढून सर्व्हरला लावा आणि सुडो एचपी-सेटअप -आय चालवा. लेझरजेट १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर टिकत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून ते भरावं लागतं, आणि त्यासाठी एचपीलिपचं जादा प्लगिन लागतं. सेटअप विचारेल तेव्हा हो म्हणा, इंटरनेट चालू पाहिजे. दुसरा कुठला प्रिंटर असेल तर विकत घ्यायच्या आधी लिनक्सवर चालतो का हे बघा, आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेलं असेल तर डोळे मिटून घ्या.

मग शेअरिंग (एचपी१०२० हे सर्व्हरवरचं प्रिंटरचं नाव, तुमचं वेगळं असेल तर ते टाका):

सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स --रिमोट-ॲडमिन
सुडो एलपीॲडमिन -पी एचपी१०२० -ओ प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू
सुडो यूएफडब्ल्यू अलाव फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ६३१
सुडो यूएफडब्ल्यू अलाव फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ५३५३

आता दोन सेटिंग ज्या कोणी सांगत नाही आणि ज्यांच्यामुळे लोक म्हणतात लिनक्सवर प्रिंटर नीट चालत नाही.

एक, कागद. कप्स बऱ्याचदा अमेरिकन लेटर साइज धरून बसतं, मग ए४ ट्रेमध्ये असतानाही प्रिंटर दिवा मिचकावत उभा राहतो किंवा खालची ओळ कापली जाते. खालची ओळ म्हणजे आमच्याकडे काकांची सही आणि शिक्का. सुडो एलपीॲडमिन -पी एचपी१०२० -ओ पेजसाइझ=ए४ (पेजसाइझमधले पी आणि एस, आणि ए४ मधला ए कॅपिटल, -पी मात्र छोटाच).

दोन, चुकल्यावर काय करायचं. एखादी प्रिंट अडकली की कप्स मुळात अख्खा प्रिंटरच थांबवून ठेवतं आणि मग कागद काढला, बंद-चालू केला, काही केलं तरी पुढचं काही छापत नाही, रांग वाढत जाते. हे बदला:

सुडो एलपीॲडमिन -पी एचपी१०२० -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब

आणि आधीच थांबलेला असेल तर सुडो कप्सएनेबल एचपी१०२०.

विंडोजवर प्रिंटर जोडताना 'नाव देऊन शेअर्ड प्रिंटर निवडा' मध्ये एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:६३१/प्रिंटर्स/एचपी१०२० असा पत्ता द्या. बहुतेक वेळा ते स्वतःच मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर घेतं, विचारलं तर तोच निवडा. जोडलंच जात नसेल तर विंडोज फीचर्समध्ये 'इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट' बंद असेल, टिक करा. पत्त्यात आकड्यांऐवजी सर्व्हरचं नाव दिलं आणि 'बॅड रिक्वेस्ट' आलं तर कप्सडी.कॉन्फमध्ये सर्व्हरएलियास * ही ओळ टाका (एस आणि ए कॅपिटल), मी आकडेच ठेवले. मॅकवर तो प्रिंटर आपोआप यादीत दिसतो, अवाहीची कृपा. फोनवरही बहुतेक दिसतो, नसेल दिसत तर फोन गेस्ट वायफायवर आहे का आणि राउटरमध्ये एपी आयसोलेशन चालू आहे का ते बघा, त्यात फोन आणि सर्व्हर एकमेकांना भेटूच शकत नाहीत.

फॉन्टचं एक. इकडे मध्य प्रदेशात हिंदीची बरीच सरकारी कागदपत्रं अजून कृतिदेवमध्ये येतात (जुना हिंदी फॉन्ट, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी हिंदी अक्षरं बसवलेली असतात). प्रिंट कशी दिसणार हे ज्या मशीनवरून दिली तिथे ठरतं, सर्व्हरवर नाही, त्यामुळे मॅकवर कृतिदेव नसेल तर कागदावर इंग्रजी अक्षरांची भेळ येते. सर्व्हरवर फॉन्ट टाकून उपयोग नाही, मी टाकून बघितलाय. फॉन्ट त्या मशीनवर टाका, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या.

बॅकअप

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी एक यूएसबी डिस्क लावली, तिच्यात वारांप्रमाणे सात फोल्डर, रोज रात्री ११ ला एक छोटी स्क्रिप्ट त्या-त्या वाराच्या फोल्डरमध्ये आरसिंक -ए --डिलीट करते, म्हणजे सगळं कॉपी करते आणि मूळ जागी जे उरलं नाही ते तिथूनही उडवते. त्यामुळे मंगळवारी बिघडवलेली शीट शुक्रवारी लक्षात आली तरी सोमवारची शाबूत असते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यू लावून डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा, डेटाची आणि बॅकअपची दोन्ही, वरची फजिती आठवा: डेटाची डिस्क गायब असताना --डिलीट चालला तर तो रिकामं फोल्डर बॅकअपवर उतरवेल. आणि टॅली: तिचा चालू डेटा आम्ही झेडवर ठेवला नाही, तो तिच्या मशीनवरच आहे, फक्त रोजचा बॅकअप झेडमध्ये येतो. वायफाय मधेच तुटलं आणि डेटा अर्धवट लिहिला गेला, हे मला जुलैत नको होतं.

रीसायकल बिन दर महिन्याला रिकामा करायला फाइंड कमांड लावताना ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवतो. वर ती टच_एमटाइमची ओळ होती ती याचसाठी. ती नसेल तर फाइलवर शेवटच्या बदलाची तारीख तशीच राहते, म्हणजे २०१९ ची शीट आज चुकून डिलीट झाली तर पुढच्याच सफाईत ती 'जुनी' म्हणून कायमची जाणार.

शेवटची परीक्षा मी रविवारी घेतली, ऑफिसात कोणी नसताना. मशीनचं बटण बंद करून परत चालू केलं आणि सर्व्हरला हात न लावता फ्रंट डेस्कच्या विंडोजवरून झेड उघडलं, एक फाइल सेव्ह केली, एक डिलीट केली, ती .रीसायकलमध्ये सापडते का बघितलं, एक पान छापलं. मग डेटाच्या डिस्कची केबल मुद्दाम काढून परत चालू केलं, झेडने एरर दिली, पाहिजे तशी. मग केबल घट्ट बसवून यूपीएसच्या बटणावर चिठ्ठी लावली, वर मराठीत "हे बंद करू नये" आणि खाली हिंदीत "भिया, इसको मत छेड़ना", कारण झाडू मारणाऱ्या काकू रोज संध्याकाळी सगळे स्विच बंद करून जातात.